'जितके स्वर तितके सिलॅबल' या मेसेजबद्दल खुलासा

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: इंग्रजी स्पेलिंगमध्ये जितके स्वर, तितके सिलॅबल (म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे) आणि उच्चारातला जोर नेहमी पहिल्या सिलॅबलवर. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

'एज्युकेशन' घ्या. स्पेलिंगमध्ये ई, यू, ए, आय, ओ हे पाचही स्वर एकेकदा येतात, पण सिलॅबल चारच: ए-ज्यु-के-शन. शेवटचे आय आणि ओ मिळून एकच 'शन' होतो. सिलॅबल कानाने मोजायचे असतात.

टेबल, पेन्सिल, टीचर अशा छोट्या नामांत जोर बहुधा पहिल्यावरच असतो, म्हणून हा समज पसरला असावा. लांब शब्दांत मात्र शेपूट बघावं लागतं. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल, तर जोर बहुतेकदा त्याच्या लगेच आधी येतो: एज्युकेशनमध्ये 'के'वर, युनिव्हर्सिटीत 'व्हर'वर. पॉलिटिक्ससारखे अपवाद आहेत, ते पाठच करावे लागतात.

नौपाड्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी नववीतली एक मुलगी 'फोटोग्राफी' म्हणताना 'फो'वरच जोर द्यायची. मी तिला बाकावर बोटाने ठोका द्यायला लावला. फोटोग्राफमध्ये ठोका 'फो'वर, फोटोग्राफीत दुसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे साधारण 'फ-टॉ-ग्र-फी', आणि फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. तिसऱ्या खेपेला बोट आपसूक योग्य जागी पडलं. जोर सरकला की बाजूचे स्वर पुसट होतात, हेही तिला तेव्हाच ऐकू आलं.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी, ही कळकळीची विनंती.