भिंत दोन फूट वाढवायची म्हणे

मागच्या आठवड्यात जालन्याहून दादाचा फोन आला. पास्टरेट कमिटीची, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीची, बैठक साडेतीन तास चालली म्हणे. विषय दोन: कंपाउंडमधल्या गाळ्यांचं भाडं, आणि भिंत दोन फूट वाढवायची की नाही. महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा तापल्यापासून घरातल्या प्रार्थनेलाही लोक दार लोटून घेतात, असं दादा सांगतो. चार बायका गीत म्हणायला बसल्या तरी बाहेर कोणीतरी मोबाइल धरून उभा.

मी हे ऐकत होतो ग्लासगोत, बसस्टॉपवर. समोर ओरान मोर. एके काळचं केल्विनसाइड पॅरिश चर्च, आता पब. इथे ना कायद्याची भीती, ना शेजाऱ्याची. तरी 2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या 51.1 टक्के लोकांनी ‘कुठलाच धर्म नाही’ असं लिहिलं. मी जातो त्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी वीस-बावीस डोकी, निम्मी सत्तरीच्या पुढची. उपासनेनंतर चहा, आणि चहाबरोबर छपराच्या दुरुस्तीचा खर्च. चहा पांचट, विषय मात्र अगदी जालन्याचा.

याच देशाच्या फ्री चर्च या प्रोटेस्टंट पंथानं आपल्याकडे मिशन चालवलं. पण जालन्यात ते रुजवलं आपल्याच माणसानं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. निजामाच्या राज्यात दिवाण सर सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं आणि मांग-महारांत काम केलं. तेव्हा भिंतीच्या उंचीवर बैठक बसली नसावी.

माझी आजी त्याच मातीतली. गावोगाव फिरून बायांना बायबल शिकवायची. आठवड्यातून दोनदा एस.टी.नं निघायची, पिशवीत शुभवर्तमान, पाटी-पेन्सिल आणि खरजेचं मलम. आधी मलम, मग बाराखडी, आणि बाईनं विचारलंच तर येशू. एकीनं चार वर्षं मलम नेलं, अक्षरं गिरवली, आणि ती शेवटपर्यंत खंडोबाचीच राहिली. आजी पुढच्या मंगळवारी तिच्या ओट्यावर हजर. ‘धान्यापायी बाटलेले’ हा टोमणा ऐकतच आम्ही वाढलो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आमचा घोळ एका शब्दात आहे. येशू म्हणाला, जाऊन शिष्य करा. आम्ही सभासद केले. सभासदाची वर्गणी असते, मत असतं, दफनभूमीत जागा असते. शिष्याला मागे चालावं लागतं, आणि पैठणच्या वाटेवर दिंड्या बघत वाढलेल्या आम्हाला ते वेगळं समजवायला नको.

दादाची भीती खोटी नाही. घटनेच्या कलम 25 नं धर्मप्रसाराचा हक्क दिला, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं. शिवाय राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीची सवलत नाही; म्हणून कितीतरी घरांत रविवारी एक ओळख आणि जातीच्या दाखल्यावर दुसरी. अशा माणसाला ‘उघड साक्ष दे’ असं परदेशात बसून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगीकडच्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात आणि पोरं गावात आपापल्या आजीजवळ राहतात. संध्याकाळी तासभर त्या पोरांचा अभ्यास घ्यायला कोणता कायदा आडवा येतो? मंडळीच्या नोंदवहीत त्यातून एकही नाव वाढणार नाही, वाढू नये, हे ठरवूनच जावं. शिष्य घडतील ते पोरांतून नव्हे, तर रोज पाच किलोमीटर सायकल मारत तिथे जाणाऱ्या आपल्याच तरुणांतून. आज ही मुलं गिटारसाठी नव्या प्रार्थनागृहांकडे वळतात म्हणून कमिटी चिडते. त्यांना दुसरं काम तरी काय दिलंय आपण?

हे सगळं दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तुला तिकडून बोलायला काय जातं?”

खरंय. माझ्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहते, नवरा जाऊन वर्ष झालं. तीनदा तिच्याकडे चहा झाला. परवा तिनं स्वतःच विचारलं, तू रविवारी सकाळी कुठे जातोस? मी म्हटलं, मित्रांना भेटायला.