हिमाचलातल्या तीर्थन नदीवरच्या ट्राउट (थंड पाण्यातला मासा) सहलीवरील तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. पाच दिवसांत तिघांना मिळून एकच मासा, तोही सोडायला लावला, नदी गढूळ, मुलाचा पहिला दिवस परवान्यापायी वाया, ताटातली ट्राउट 'पाळलेली'. म्हणून एक स्टार. यातल्या दोन गोष्टींत चूक सरळ आमची आहे.

परवान्याचं आधी सांगतो. हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो, दर दिवसाचा आणि दर रॉडचा वेगळा. तुम्ही तिघं गळ टाकणार हे आमच्या वहीत होतं, तरी परवाने दोनच काढले गेले. मुलगा दिवसभर काठावर बसून राहिला, याचं फार वाईट वाटतं. त्याचे त्या दिवसाचे पूर्ण पैसे आज परत पाठवले आहेत.

तारखांची चूक त्याहून मोठी. तुम्ही रजेच्या हिशेबाने २४ ते २८ जून मागितलेत आणि आम्ही हो म्हणालो. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तीर्थन उगम पावते ती ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांत. उन्हाळ्यात वरचं बर्फ दिवसा वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. त्यात मॉन्सून हिमाचलात पोचतो तोच साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि पहिल्या सरींबरोबर उतारावरची माती नदीत उतरते. ट्राउट बराचसा नजरेवर शिकार करतो. चहाच्या रंगाच्या पाण्यात त्याला बोटाच्या पेराएवढी फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेली खोटी माशी, दिसणार कशी? तुमच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे गळ फेकण्यात, खोट नव्हती. हे सगळं दरवर्षी होतं आणि आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे निसर्गाकडे बोट दाखवणार नाही. यापुढे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही मासेमारीचं बुकिंग घेणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीच्या हंगामामुळे सरकारी बंदीच असते. म्हणजे खरे दिवस मार्च-एप्रिल, आणि पावसानंतर पाणी निवळलं की ऑक्टोबरअखेरपर्यंत.

मासा सोडण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. "लहानपणापासून खाडीत गरवतोय, मिळालेला मासा परत टाकायचा हे कधी ऐकलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. माझंही लहानपण दाभोळच्या खाडीवर गेलं, म्हणून हे वाक्य मला आतून कळतं. पण खाडीला भरतीबरोबर समुद्र मासे आणून देतो. इथला ब्राउन ट्राउट मुळात इथला नव्हे. इंग्रजांच्या काळात, १९०९च्या सुमारास, तो कुल्लूच्या नद्यांत सोडला गेला. बर्फाच्या पाण्यात तो सावकाश वाढतो, हातभर व्हायला त्याला वर्षं लागतात. आणि ही नदी अशी मोकळी वाहते, त्यामागे इथल्या बंजार मतदारसंघाचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध दिलेला लढा आहे. त्यांनी राखलेल्या पाण्यातून चार दिवसांच्या पाहुण्यांनी मोठे मासे उचलून न्यावेत, हे माझ्या मनाला पटत नाही. परवान्यावर नियमात बसणारा मासा ठेवता येतो, हे तुमचं म्हणणं बरोबर. सोडण्याचा नियम आमचा आहे. तो पत्रकात छापलेला होता, पण पैसे घेण्याआधी मी फोनवर बोलून सांगायला हवा होता.

गाइडने गांडूळ लावू दिलं नाही, ही तक्रारही त्याच्या नावावर नको. गांडूळ मासा गिळतो, गळ घशात खोल जातो आणि सोडला तरी तो बहुधा जगत नाही. म्हणून आम्ही गांडूळ लावत नाही, आणि गळही टोकाला उलटा काटा नसलेला वापरतो. गाइड माझा हुकूम पाळत होता.

ताटातली ट्राउट फार्मची होती, खरंच. तिकडे वाहत्या थंड पाण्याच्या हौदांत रेनबो ट्राउट वाढवतात. आम्ही कायम तीच आणतो, त्याच दिवशीची.

तुम्हाला जमणार असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिघांनी पुन्हा या. गाइड, रॉड आणि राहणं आमच्याकडून. फक्त प्रवास तुमचा. नदीकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या बाजूला, जिथे चौथ्या दिवशी पहाटे तुम्हाला तो एक मासा लागला, तिथूनच सुरुवात करू. तिन्ही परवाने निघण्याच्या आठवडाभर आधी तुमच्या फोनवर पाठवीन.