सर्व्हरवर युझर लॉक झाला? मग म्हणे लॉकच काढून टाका!

मुंबईतल्या अकाउंटवाल्यांच्या आणि छोट्या ऑफिसांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "रिमोट सर्व्हरवर युझर सारखा लॉक होतोय? पाच मिनिटांत कायमचा इलाज." (युझर लॉक म्हणजे ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड पडला की विंडोज त्या नावाने आतच येऊ देत नाही.) खाली पाच उपाय दिलेत: लॉकआउट थ्रेशोल्ड, म्हणजे किती चुकांनंतर लॉक तो आकडा, शून्य करा, सर्व्हर रीस्टार्ट मारा, ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट लॉगिनच्या दाराचा नंबर, बदला, सगळ्यांना ॲडमिन करून एकच पासवर्ड ग्रुपवर टाका, आणि दर महिन्याला पासवर्ड बदला. आता २० तारीख आलीये, जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचाय, पावसाने कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी, अर्धा स्टाफ डोंबिवली-विरारहून घरून लॉगिन करतोय आणि नेमका तेव्हाच युझर लॉक, अशा वेळी माणूस हाताला लागेल तो उपाय करणार हे कळतं मला. पण यातला एक उपाय अर्धवट आहे आणि बाकीचे चार लोचा वाढवणारे आहेत.

पहिलाच घ्या, थ्रेशोल्ड शून्य. शून्य म्हणजे कितीही वेळा चुकीचा पासवर्ड मारला तरी युझर लॉक होणार नाही, म्हणजे बाहेरच्या बॉटला, आपोआप पासवर्ड मारत बसणाऱ्या प्रोग्रामला, रात्रभर बसून पासवर्ड ट्राय करायला मोकळं रान. वॉचमनच्या शिट्टीने झोपमोड होते म्हणून वॉचमनलाच कामावरून काढण्यातला प्रकार आहे हा. मायक्रोसॉफ्ट स्वतः उलट्या दिशेने गेलीये, २०२२ च्या विंडोज ११ च्या २२एच२ पासून १० चुकीचे प्रयत्न झाले की १० मिनिटं लॉक हे डिफॉल्टच आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटपासून बिल्ट-इन ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटलाही लॉक लावायची सोय आली, जे आधी लॉकच व्हायचं नाही आणि म्हणूनच बॉट त्याच्यावर तुटून पडायचे.

एक मान्य करतो. तुमचं युझरनेम बाहेरच्या कुणाला माहीत असेल तर तो मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारून तुम्हाला दिवसभर लॉक ठेवू शकतो. पण म्हणजे दोष लॉकचा नाही ना, लॉगिन स्क्रीन अख्ख्या जगाला दिसतेय हा दोष आहे.

आणि लॉक उघडायचाच असेल तर त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. सर्व्हरच्या लोकल युझर्स अँड ग्रुप्समध्ये जा, युझरवर डबल क्लिक करा, "अकाउंट इज लॉक्ड आउट"ची टिक काढा, झालं. (शेजारी "डिसेबल्ड"ची टिक दिसली तर मात्र थांबा, ती आपोआप लागत नाही, कुणीतरी लावलीये, का ते आधी विचारा.) डोमेन, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरचे युझर एकाच सर्व्हरवर सांभाळले जात असतील, तर हेच काम ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून होतं. पण टिक काढायच्या आधी इव्हेंट व्ह्यूअरचा सिक्युरिटी लॉग, म्हणजे विंडोजची लॉगिनची नोंदवही, उघडा, मेसेजमध्ये नेमकं हेच कुठे नाहीये. त्यात ४७४० नंबरची नोंद म्हणजे अकाउंट लॉक झालं, आणि त्यात कुठल्या कॉम्प्युटरवरून झालं त्याचं नाव असतं. ४६२५ म्हणजे फेल झालेलं लॉगिन. आपल्याच ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपचं नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पासवर्ड बदललाय आणि जुना कुठेतरी सेव्ह राहिलाय, मॅप केलेल्या ड्राइव्हमध्ये किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये किंवा विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, तो शोधून काढा नाहीतर उघडल्यावर परत लॉक होईल. रात्री तीन वाजता ॲडमिन, टेस्ट, स्कॅन, टॅली अशा नावांनी फेल लॉगिनची रांग लागली असेल तर तो बाहेरचा बॉट. आणि त्या रांगेनंतर अनोळखी आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) एक ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन दिसलं, तर अनलॉक वगैरे विसरा, सर्व्हरचं नेट काढा, लॉग जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, अशी घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. छोटी कंपनी आहे म्हणून सूट मिळेल असं समजू नका.

रीस्टार्टबद्दल फार बोलत नाही. लॉक सुटतो तो ठरलेली वेळ संपल्यावर, रीस्टार्टमध्ये तेवढा वेळ जातो म्हणून लोकांना वाटतं रीस्टार्टनेच सुटला. आणि बाकीच्या चौघांची टॅली उघडी असताना मारलात तर डेटाची वाट लागेल ती वेगळीच.

पोर्ट बदलणं हा तो अर्धवट उपाय. लॉगमधला कचरा कमी होतो हे खरं, पण लपत काही नाही. २०१३ मध्येच मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते एका गिगाबिट लाइनवरून सगळे आयपीव्ही४ पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांत स्कॅन करायचं, मग तुमचा ३३९० किती दिवस लपणार? आणि २०१९ चा ब्लूकीप आठवतोय? विंडोज सर्व्हर २००८ आर२ वगैरे जुन्या मशीनवर पासवर्ड न देताच आत शिरता येईल असं भोक होतं ते, तिथे पोर्टही कामाचा नाही आणि लॉकआउटही. आधी व्हीपीएन किंवा आरडी गेटवे, म्हणजे सर्व्हरच्या आधी लागणारं वेगळं बंद दार, वर ओटीपी, आणि पॅच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट, वेळेवर. ठरावीक आयपीलाच परवानगी द्या असं काही जण सांगतात, ऑफिसच्या स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीला ते ठीक आहे, पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, तिथे व्हीपीएनच लागतो.

सगळे ॲडमिन आणि पासवर्ड ग्रुपवर, हे वाचून तर डोक्याला हात लावला. त्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी सोडून गेलेला आर्टिकल (सीएकडे शिकायला असलेला पोरगा) अजून आहे का ते तरी बघितलंय का कुणी? शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कुठली एंट्री कधी आणि कुणी बदलली याची नोंद, सक्तीचा आहे, आणि सगळे एकाच नावाने आत जात असतील तर एंट्री कुणी बदलली ते कसं कळणार? ॲडमिन दोघेच ठेवा, एक लॉक झाला तर दुसरा उघडेल. लॉकआउट ड्युरेशन, म्हणजे लॉक किती वेळ राहणार तो आकडा, चुकून शून्य ठेवलं असेल तर हा दुसरा लागणारच, कारण तेव्हा अकाउंट आपोआप सुटतच नाही.

राहिला दर महिन्याचा पासवर्ड. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ही सक्ती आपापल्या शिफारशींतून काढली, कारण लोक शेवटचा आकडा बदलतात, बाकी काही नाही. पण आपल्याकडे खरी बोंब वेगळीच होते. एनएलए, म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन उघडायच्या आधीच पासवर्ड तपासणारी सोय, चालू असेल (आणि ते चालूच ठेवा) तर मुदत संपलेल्या पासवर्डने रिमोटवरून आतच येता येत नाही, बदलायचा स्क्रीनसुद्धा येत नाही, म्हणजे विरारच्या मॅडम घरी अडकल्या आणि तुम्ही म्हणताय "परत लॉक झालं". रीसेट करताना "पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला" ही टिक लावलीत तरी तेच होतं, मग कुणीतरी हुशार माणूस एनएलएच बंद करतो. त्यापेक्षा आपल्याकडे असलेल्या त्यांच्या नंबरवर आपणच फोन करायचा, कारण "मी अमुक बोलतेय, पासवर्ड रीसेट कर ना" असा फोन कुणीही करू शकतं. तात्पुरता पासवर्ड तोंडी सांगायचा आणि आत आल्यावर कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबून बदलायला लावायचा. एंड हे दोनदा सांगा, डिलीट दाबलं तर त्यांच्या घरच्या लॅपटॉपचा मेनू उघडतो आणि मॅडम त्याचाच पासवर्ड बदलून बसतात.