टाकीतील गोगलगायी आणि चिमूटभर मोरचूद

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश वाचून माझ्या धाकट्या भावाने फिशटँकमध्ये चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीला वाळूवर मरून पांढरे पडलेले आठ झिंगे दिसले. संदेशाचे म्हणणे असे : टाकीत गोगलगायी आपोआप उपजल्या म्हणजे पाणी सडले, त्या मासे खातात, माणसांना रोग देतात, आणि मोरचुदाने त्या तेवढ्या मरतात, माशांना काही होत नाही.

आपोआप काहीही उपजत नाही. मांस झाकून ठेवले तर त्यात अळ्या होत नाहीत, हे इटालियन वैद्य फ्रांचेस्को रेदी यांनी १६६८ मध्येच प्रसिद्ध केले होते. विकत आणलेल्या पाणवनस्पतीचे पान उलटून पाहिले, तर नखाएवढा पारदर्शक, बुळबुळीत गोळा आणि त्यात ठिपक्यांसारखी अंडी सापडू शकतात. फायसा जातीची एकटी गोगलगायही स्वफलनाने, म्हणजे जोडीदाराविना, वंश वाढवते. मळसूत्री शंखाची मेलानॉइडिस तर दिवसभर वाळूत दडून असते, म्हणून ती एका रात्रीत आल्यासारखी वाटते. खाद्य उरू दिले की त्यांची संख्या भराभर वाढते, एवढे मात्र संदेशाच्या बाजूने मान्य करावे लागेल.

मासे खाण्याचा आरोप मेलेल्या माशाभोवती जमलेल्या गोगलगायी पाहून केलेला आहे.

रोगाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे, म्हणजे एका परजीवी कृमीमुळे होणाऱ्या रोगाचे, केंद्र नोंदवले आणि तेथे त्या कृमीची वाहक फेरिसिया ही गोड्या पाण्यातील इवली गोगलगाय ठरली. परंतु बाधित माणसाच्या लघवीतून कृमीची अंडी पाण्यात गेल्याशिवाय हे चक्र सुरूच होत नाही. दिवाणखान्यातील टाकीत ते कसे घडते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. ओढ्यातून उपटलेली वनस्पती टाकीत लावू नये, हे ठीक.

खरा संताप मोरचुदाचा आहे. आमच्या निफाडकडे द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी (हे बुरशीनाशक) तो घरात असतोच, त्यामुळे हा सल्ला अमलात यायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मोरचुदाच्या वजनात सुमारे चतुर्थांश तांबे असते. म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीत एक ग्रॅम टाकला, तर लिटरमागे पाच मिलिग्रॅम तांबे होते. खाऱ्या पाण्यातील माशांवर तांब्याचे औषध करणारे लोक हेच प्रमाण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमवर ठेवतात आणि तेही रोज मोजून. झिंगे त्याहून पुष्कळ कमी तांब्याने मरतात, मऊ पाण्यात माशांच्या कल्ल्यांनाही इजा होते, आणि वाळूत मेलेल्या गोगलगायी कुजून अमोनिया वाढतो तो वेगळाच.

भावाला मी आता एवढेच करायला लावले आहे : खाद्य निम्मे करायचे, आणि रात्री काकडीची जाड चकती तळाशी ठेवून पहाटे ती चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलायची. पहिल्या पहाटे चकतीवर एकतीस निघाल्या. पुतणीने त्या मोजल्या.