‘पिवळं कार्ड नाही ना, मग योजना विसरा’: त्या मेसेजमधल्या एकेका ओळीबद्दल

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार-पाच ग्रुपवर आला. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: ‘महात्मा फुले योजना फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे. घरात गाडी किंवा पक्कं घर असेल तर नाव कट. आधी आयुष्मान कार्ड काढावं लागतं, महिना जातो, तोवर उपचार नाही. जुना आजार चालत नाही. प्रायव्हेट दवाखान्यात आधी पैसे भरा, नंतर बिलं दिली की सरकार परत देतं. म्हणून पैशांची सोय आधी करून ठेवा.’

(महात्मा फुले योजना म्हणजे ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेले उपचार मोफत देणारी राज्य सरकारची योजना.) पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे मला माहीत आहे. त्यातल्या दोघी तर माझ्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. पण या मेसेजमुळे माणसं पात्र असूनही विचारायला जात नाहीत आणि दागिने गहाण टाकून मोकळी होतात. म्हणून प्रत्येक ओळीला उत्तर देते.

‘फक्त पिवळ्या कार्डवाल्यांना आहे.’

हे कधीच खरं नव्हतं. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली. (गावाकडे अजूनही ‘जीवनदायी’च म्हणतात. आत्ताचं नाव २०१७ चं.) तेव्हापासून पिवळ्या कार्डाच्या जोडीला अंत्योदय, अन्नपूर्णा आणि एक लाखापर्यंत उत्पन्न असलेली केशरी कार्डं त्यात होती. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळत असे.

मग २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय आला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. त्याने रंगाची अटच काढली. पिवळं असो, केशरी असो, पांढरं असो, राज्यातलं कुटुंब योजनेत आहे. रेशनकार्डच नसेल, तर अधिवास प्रमाणपत्र किंवा तहसीलदारांचा रहिवासाचा दाखला चालतो. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांनाही यात घेतलेलं आहे. कुटुंबाचं वर्षाचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं वय वंदना कार्ड आहे. तिथे उत्पन्न विचारतच नाहीत, आधारवरचं वय बघतात.

‘गाडी किंवा पक्कं घर असेल तर नाव कट.’

ही ओळ कुठून आली ते सांगायला हवं, कारण ती हवेतून आलेली नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिची यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून तयार केली होती. त्या पाहणीत मोटारसायकल, फ्रीज, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलेली घरं ग्रामीण भागात सुरुवातीलाच बाजूला काढली होती. उरलेल्यांत एका खोलीचं कच्चं घर, भूमिहीन मजूर, कर्ता पुरुष नसलेलं घर असे निकष लावले. ‘माझं नाव यादीत नाही’ म्हणतात ती यादी ही. ज्या घरात तेव्हा पाळण्यात असलेलं मूल आज दहावीच्या आसपास आहे, त्या घराची परिस्थिती आजही त्याच कागदावरून ठरवायची, हे मला कधी पटलेलं नाही.

पण महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालतात. केंद्राच्या यादीत नाव नसलेलं कुटुंब राज्याच्या योजनेतून येतं, आणि तिथे दारातली गाडी कोणी मोजत नाही. मोबाइलवर ‘पात्र नाही’ असं दिसलं म्हणून परत फिरू नका. तो शोध बऱ्याचदा फक्त केंद्राच्या यादीपुरता असतो.

‘जुना आजार चालत नाही.’

चालतो. ही अट खाजगी विमा कंपन्यांची आहे, सरकारी योजनेची नाही. दहा वर्षांच्या मधुमेहामुळे मूत्रपिंड गेलेल्या माणसाचं डायलिसिस यात होतं, आधीच निदान झालेल्या कॅन्सरची केमोथेरपीही होते.

‘आधी कार्ड काढा, महिना थांबा.’

आयुष्मान कार्ड असलेलं चांगलंच, वेळ असताना काढून ठेवा. आधारवर ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) होते आणि कार्डासाठी फी नाही. पाचशे-सातशे मागणाऱ्याला देऊ नका. पण रुग्ण आज दाखल करायचा असेल तर कार्डासाठी अडून बसायची गरज नाही. वैध रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जायचं आणि आरोग्यमित्राला भेटायचं.

आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात बसवलेला माणूस. तो कागद तपासतो, नोंदणी करतो, मग रुग्णालय तपासण्यांचे रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. ती आली की उपचार. जीव धोक्यात असेल तर मंजुरी फोनवर घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. कागद मागाहून आणून देता येतात, मात्र रुग्ण दाखल असतानाच.

खरी अडचण येते ती नावांमध्ये. रेशनकार्डावर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’. सून पाच वर्षं घरात नांदते आहे, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. कार्ड पावसात भिजून घरातल्या तिसऱ्या माणसाचं नाव पुसलेलं. एका काकांचं कार्ड मी पाहिलं होतं. घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झालेले, चिकटपट्टीने जोडलेले, आणि नेमकी पट्टीखाली वर्षानुवर्षांची धूळ जाऊन जन्मसाल दिसेनासं झालेलं. ते दुरुस्त करायला पुरवठा कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, रुग्ण घरात झोपून असताना. हे काम आजारपणात करायचं नसतं. आज घरात सगळे धडधाकट असतील तर आजच रेशनकार्ड कपाटातून काढून बघा, कोणाचं नाव राहिलंय, कोणाचं चुकलंय. नवजात बाळाचं नाव कार्डावर नसतंच, त्याला जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड पुरतं.

‘आधी पैसे भरा, नंतर सरकार परत देतं.’

या मेसेजमधली सगळ्यांत घातक ओळ ही.

योजना रोकडरहित आहे. सरकार पैसे रुग्णालयाला देतं, रुग्णाला नाही. रोखीने भरलेलं बिल नंतर अर्ज करून परत मागायची तरतूदच नाही. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून उपचार होऊन डिस्चार्ज झाला की दार बंद.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावशीला हृदयविकाराचा झटका आला. मावसभावाने तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. केशरी कार्ड घरी कपाटात होतं. त्याने हाच मेसेज वाचलेला, म्हणून त्याने विचारलंच नाही, आणि काउंटरवर कोणी सांगितलंही नाही. बायकोच्या पाटल्यांवर कर्ज काढून त्याने साठ हजार भरले. मी पोचले तिसऱ्या दिवशी. योजनेचा फलक लिफ्टशेजारी होता, पुढे स्ट्रेचर उभं केल्यामुळे अर्धा झाकलेला. आरोग्यमित्र मुलगी भली होती. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, “पहिल्या दिवशी का नाही आलात ताई?” अँजिओप्लास्टी होऊन गेली होती. स्टेंटसकट ती योजनेत बसणारी होती. भाऊ नंतर बिलांची फाइल घेऊन दोनदा तहसीलला गेला, कारण मेसेजमध्ये ‘परत देतं’ लिहिलं होतं. पाटल्या अजून बँकेत आहेत.

म्हणून दाखल करताना, डिपॉझिटची पावती फाडायच्या आधी विचारा: “हे रुग्णालय फुले योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?”

मेसेजमध्ये खरं काय आहे?

थोडं आहे, आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही. प्रत्येक खाजगी रुग्णालय योजनेत नसतं, आणि असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. योजना ठरलेल्या उपचारांपुरती आहे, २०२४ च्या विस्तारात ते १,३५६ होते. त्यातले काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ताप-खोकल्याची बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. पाच लाखही खात्यात येत नाहीत. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि तेवढी रक्कम कुटुंबाच्या वर्षाच्या पाच लाखांतून वजा होते.

पण त्याच पॅकेजमुळे तुमचा हक्कही पक्का होतो. खाटेचं भाडं, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रियेचं साहित्य, जेवण, घरी जायचं एक वेळचं भाडं, डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं हे सगळं त्यात धरलेलं असतं. मंजुरी मिळाल्यावर ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’, ‘चांगल्या प्रतीचं हवं असेल तर वरचे वीस हजार द्या’ असं सांगणारी रुग्णालयं आहेत, मी त्यांच्याशी भांडलेली आहे. ‘योजनेच्या खाटा भरल्यात’ हेही खूपदा ऐकलंय. असं झालं तर तोंडी वाद घालत बसू नका. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्या, बाहेरून आणलेल्या औषधांची प्रत्येक पावती ठेवा, पैसे घेतले तर पावतीशिवाय देऊ नका. आणि तिथूनच, रुग्ण आत असतानाच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावून तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. जिल्ह्याला योजनेचे जिल्हा समन्वयक असतात, त्यांचा नंबर आरोग्यमित्राकडे मिळतो.

जवळचं रुग्णालय योजनेत आहे की नाही, हेही याच फोनवर सांगतात. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तारीख घ्यायच्या आधी हा फोन करा.