जी-सिक्स-पीडी आहे म्हणून पोराची उसळ का तोडता?

पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक यादी फिरतेय: मुलाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम) जन्मजात कमतरता निघाली तर बाकला (फावा बीन), वाल, राजमा, छोले, सोयाबीन, सगळं जन्मभर बंद. खाली पुस्ती जोडलेली: मुलींना त्रास होत नाही, आणि एकदा खाऊन पचलं तर पुढे भीती नाही. यादी अर्धीअधिक निराधार आहे. पुस्ती मात्र धोक्याची.

‘सगळी कडधान्यं बंद.’ यातला खरा गुन्हेगार एकटा बाकला. त्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून डायव्हिसिन आणि आयसोयुरामिल तयार होतात आणि तांबड्या पेशीला जपणारं ग्लुटाथायोन भराभर संपवतात. ते पुन्हा कामाला आणायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) नसतात, त्यामुळे तिला तो जी-सिक्स-पीडी या विकराच्याच वाटेनं मिळतो. विकर कमी पडलं की पेशी फुटायला लागतात. एक-दोन दिवसांत पोर पांढरंफटक, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी.

राजमा-छोल्यांचा या भानगडीशी संबंध नाही. आपलं बिरडं होतं ते वेलावरच्या वालाचं. बाकला ताठ झुडपावर येतो, ती वनस्पतीच वेगळी. शाकाहारी घरातल्या वाढत्या पोराची उसळ-आमटी बंद करून मिळवायचं काय?

‘मुलींना होत नाही.’ जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतं, एवढंच खरं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो. सदोष एक्स चालू असलेल्या पेशी जास्त निघाल्या तर तिलाही झटका येतो.

‘एकदा पचलं की झालं.’ मुळीच नाही. त्याच माणसाला एकदा काही होत नाही आणि पुढच्या खेपेला रक्त चढवावं लागतं. किती खाल्लं, दाणे कच्चे होते का, यावर फरक पडतो; जनुकातला बदल कोणता यावरही. भारतात भूमध्य, ओडिशा आणि केरळ-कल्याण (हो, मुंबईजवळचंच कल्याण) हे प्रकार जास्त आढळतात. भूमध्य प्रकारात विकराचं काम सामान्याच्या १० टक्क्यांहूनही कमी असतं.

आणि यादीत जे हवं ते नाहीच. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतून आत जातं. ही कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. कपाटातल्या डांबरगोळ्या तशाच. मलेरियावरचं प्रायमाक्विन तर १९५६ पासून ठाऊक आहे, ही कमतरता उजेडात आली तीच त्याच्यामुळे.

ऐन झटक्यात केलेली तपासणी नॉर्मल येऊ शकते, कारण कमी विकराच्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात. संशय असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या.