एमपीथ्रीचं वेव्ह केलं म्हणून आवाज सुधारत नाही

‘जुन्या भजनांच्या एमपीथ्री फायली वेव्हमध्ये बदलून घ्या, आवाज मूळ रेकॉर्डिंगसारखा होतो’ असा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही. (वेव्ह म्हणजे आवाज न दाबता, काही न गाळता साठवणारी फाइल.)

एमपीथ्री करतानाच, कानाला सहसा जाणवत नाही तो भाग काढून टाकलेला असतो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट माहिती ठेवणाऱ्या) फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी बारीक, उंच आवाजांचं, फारसं काही उरत नाही. टाळांची किणकिण बसकी वाटते त्याचं हे एक कारण. एकदा गेलेला तो भाग वेव्ह फाइल कुठून आणणार? चाळून टाकलेला कोंडा पीठ मोठ्या डब्यात भरल्याने परत येत नाही. फुगते ती फक्त फाइल: मिनिटाला सुमारे १ एमबी होती, ती सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये १० एमबी होते. मेमरी कार्ड विकणाऱ्याची चंगळ!

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटच्या नावातलं ‘ओपस’ (हा तिच्या फाइलचा प्रकार) खोडून ‘एमपीथ्री’ लिहिणं म्हणजे रूपांतर नव्हे. आत ओपसच राहतं. मोबाइल कदाचित चालवून घेईल, गाडीतला जुना प्लेअर नाही घेणार. खऱ्या रूपांतराला एफएफएमपेगसारखा, फायलींचा प्रकार बदलणारा प्रोग्राम लागतो, तो फुकट मिळतो.

मूळ कॅसेट घरात असेल तर मात्र ती थेट वेव्हमध्येच उतरवा, आणि वाटायला त्यावरून एमपीथ्री काढा.